रस्ता बंद झाला आणि दयाळ हळू गायला लागला. पक्षी बदलला की माझे कान?

रातवा :
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आमच्या घरामागचा मोठा रस्ता पुलाच्या कामासाठी बंद केलाय, आज नववा दिवस. एरवी पहाटे पाचच्या आधीच ट्रक सुरू होतात ते रात्री उशिरापर्यंत, त्यामुळे पहिल्या दोन रात्री तर मला झोपच लागेना, इतकं शांत. तर मागच्या टाकीवर एक दयाळ बसतो, चार वर्षं तरी ऐकतेय त्याला (तोच असेल असं नाही, पण जागा तीच). त्याचं गाणं म्हणजे घाईघाईने, वरच्या पट्टीत, घसा ताणून. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तो वेगळाच गातोय. हळू गातो, मधेच खालच्या पट्टीतली एक लांब शीळ घेतो, थांबतो, पुन्हा घेतो. ती खालची शीळ मी आजवर कधीच ऐकलेली नाही. काल सकाळी दहाला रिकाम्या रस्त्यावरून मुंगसाची जोडी आरामात पलीकडे गेली, मधोमध थांबून एकाने अंगसुद्धा खाजवलं.

भाऊ म्हणतो, पक्षी तोच, गाणं तेच, तुला आता ऐकू येतंय एवढंच. मला पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. म्हणून विचारते, आपला गोंगाट थांबला की प्राणी खरंच बदलतात, की ते असतातच तसे आणि आपलंच लक्ष जातं? आणि बदलत असतील तर तीन दिवसांत? इतक्या लवकर?

सुगरण :
लॉकडाऊनमध्ये मला पहिल्यांदा पारव्याच्या पंखांचा आवाज ऐकू आला होता. गाणं नाही, पंख. तेव्हा काय वाटलं ते अजून सांगता येत नाही. वाचतेय, लिहा सगळ्यांनी.

जुनाजाणता :
तुमच्या भावाशी सहमत. २०२० मध्ये सगळे घरी बसून खिडकीतून बघत होते म्हणून सगळ्यांना पक्षी दिसले. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आले म्हणून केवढा गाजावाजा झाला, तो व्हिडिओ निघाला सार्डिनियातल्या एका बंदरातला. हंस पण जिथे नेहमी असतात त्या बुरानोचेच. चीनमधले दारू पिऊन झोपलेले हत्ती तर सपशेल खोटे. लोकांना 'निसर्ग परत आला' हे ऐकायचंच होतं त्यामुळे कुणी तपासलं नाही. मुंगूस आधीपासून तिथेच राहतंय हो, तुमच्या रस्त्यावर आलं नाही इतकंच.

अनुनाद :
रातवाताई, माझं काम ध्वनिमुद्रणाचं आहे त्यामुळे या विषयावर जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

गोंगाटात आपण आपोआप मोठ्याने बोलतो, मुद्दाम ठरवून नाही, याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, एत्येन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये तो मांडला. पक्ष्यांमध्येही हाच प्रकार आहे. हेन्रिक ब्रुम यांनी २००४ मध्ये बर्लिनच्या नाइटिंगेलांचे आवाज मोजले, तर गोंगाटाच्या जागेतले नर शांत जागेतल्यांपेक्षा १४ डेसिबलपर्यंत मोठ्याने गात होते. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तेच पक्षी कामाच्या दिवशी सकाळी मोठ्याने गायचे आणि शनिवार-रविवारी हळू! म्हणजे तीन दिवस कशाला, शुक्रवार ते शनिवार एवढ्यात फरक पडतो.

पण तुमच्या दयाळाशी जास्त जुळणारं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं आहे. तिथे व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो नावाची चिमणी आहे, एलिझाबेथ डेरीबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे २०१५-१६ ची रेकॉर्डिंग्ज होती. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये शहर बंद पडलं, गोल्डन गेट पुलावरची वाहतूक १९५० च्या दशकाइतकी कमी झाली, तेव्हा त्याच जागी पुन्हा मोजणी केली. नर आधीपेक्षा हळू गात होते तरी त्यांचं गाणं दुपटीहून लांब पोचत होतं, आणि गाण्यात खालचे सूर परत आले होते. वाहनांची घरघर सगळी खालच्या पट्टीत असते, म्हणून गोंगाटात पक्षी खालचे सूर सोडून देतात, गायले तरी बुडणारच. तुमची खालची शीळ कदाचित हीच.

हळू गाऊन लांब कसं पोचतं? साधा हिशोब आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणजे मागचा गोंगाट ६ डेसिबलने उतरला की तेच गाणं दुप्पट अंतरावर ऐकू येतं, आणि गोंगाट त्याहून जास्त उतरला तर पक्ष्याला स्वतःचा आवाज थोडा कमी करूनही परवडतं.

सुगरण :
शनिवार-रविवारचं वाचून अंगावर काटा आला. त्यांना सुट्टी कळते!

अनुनाद :
सुट्टी नाही कळत, सुट्टीतली शांतता कळते :)

जुनाजाणता :
अनुनाद, चिमणीचं मान्य, रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर वाद नाही. माझा आक्षेप 'प्राणी आले' या म्हणण्याला आहे. गाणं बदललं ही एक गोष्ट, संख्या वाढली ही दुसरी.

पाणकणीस :
जुनाजाणता काका, तुमचा आक्षेप रास्त आहे आणि अभ्यास करणाऱ्यांना पण तो आधीच सुचला होता. ईबर्ड या संकेतस्थळावर हौशी लोक पक्ष्यांच्या याद्या टाकतात ना, त्यातून अमेरिका आणि कॅनडातल्या ८२ जातींचा अभ्यास २०२१ मध्ये आला. लोक घरी बसून जास्त बघतात हा दोष टाळायला त्यांनी महामारीच्या आधी आणि त्या काळात त्याच भागात यादी करणारे निरीक्षकच धरले. तरी ८२ पैकी ६६ जातींच्या वावरात फरक निघाला, बहुतेकांचा शहर, मोठे रस्ते आणि विमानतळ यांच्या आसपासचा वावर वाढलेला. काहींचा कमी पण झाला. याचा अर्थ नवे पक्षी जन्मले असा नाही, असलेले सरकले.

सस्तन प्राण्यांचं पण तसंच. ४३ जातींच्या सुमारे २,३०० प्राण्यांच्या गळ्यात आधीपासून जीपीएस पट्टे होते, ते फक्त वाचायचे होते. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं, कडक लॉकडाऊन असलेल्या भागात दहा दिवसांतल्या लांबच्या फेऱ्या ७३ टक्क्यांनी वाढल्या आणि माणसांचा वावर दाट असलेल्या भागात प्राणी रस्त्यांच्या सरासरी ३६ टक्के जास्त जवळ आले. मुंगूस रस्त्याच्या मधोमध थांबतं ते याच्याशी जुळतं. पट्ट्याला ना खिडकी असते ना रिकामा वेळ, त्यामुळे 'आपण जास्त बघितलं' हे इथे लागू होत नाही.

जुनाजाणता :
हे आधी माहीत नव्हतं. पट्ट्याचा मुद्दा पटला. व्हेनिसबद्दल मात्र ठाम आहे :)

खारुताई :
सगळं गोड गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू मांडते. शांतता म्हणजे सगळ्यांना मेजवानी नसते. थायलंडमध्ये लोपबुरीला पर्यटक माकडांना खायला घालायचे, मार्च २०२० मध्ये पर्यटक बंद झाले आणि माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात एका घासासाठी एकमेकांवर तुटून पडल्या. अमेरिकेत हॉटेलं बंद झाली तर उंदीर इतके पिसाळले की सरकारी आरोग्य खात्याला सूचना काढावी लागली. ते काही 'निसर्ग परत आला' म्हणून बाहेर पडले नव्हते, भुकेने पडले होते.

त्याहून मला चटका लावून गेलेली गोष्ट स्वीडनची. बाल्टिक समुद्रात स्टोरा कार्ल्सो नावाचं बेट आहे, तिथे कड्यांवर कॉमन मर हे समुद्रपक्षी हजारोंनी अंडी घालतात आणि लोक बघायला येतात. २०२० मध्ये लोक आले नाहीत. माणूस नाही म्हटल्यावर पांढऱ्या शेपटीचे गरुड धीट झाले, वारंवार कड्यावरून घिरट्या घालायला लागले. प्रत्येक घिरटीला हे पक्षी घाबरून उडायचे, त्या गडबडीत अंडी घरंगळायची, उघडी पडलेली अंडी गल पक्षी आणि कावळे पळवायचे. त्या वर्षी पिल्लांचं प्रमाण आधीच्या वर्षांपेक्षा २६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे पर्यटक नकळत राखणदार झाले होते. कुणाला त्रास आणि कुणाला आधार, हे जात बघितल्याशिवाय बोलता येत नाही.

निशाचर :
खारुताईंना +१. याला मानवी ढाल म्हणतात. अमेरिकेतल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात मूस या मोठ्या हरणाच्या माद्या विणीला रस्त्याच्या जवळ सरकतात कारण अस्वलं रस्ता टाळतात, जोएल बर्जर यांनी २००७ मध्ये मांडलं होतं.

रात्रीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून माझी भर. माणसाच्या धाकाने प्राणी जागा तर सोडतातच पण वेळ पण बदलतात. केटलिन गेनर आणि इतरांनी २०१८ मध्ये ६ खंडांतल्या ६२ सस्तन जातींची आकडेवारी एकत्र केली, रात्रीची हालचाल सरासरी १.३६ पटीने वाढलेली. म्हणजे एखाद्याचा वावर निम्मा दिवसा निम्मा रात्री असेल तर माणसाजवळ तो ६८ टक्के रात्री होतो. आपण गिर्यारोहण करतो की शिकार याने फारसा फरक पडत नाही, नुसतं असणं पुरतं. मग माणूस हटला की दिवस परत मोकळा होतो. मुंगूस मुळातच दिवसाचं जनावर आहे त्यामुळे त्याला वेळ बदलावी लागली नाही, त्याला फक्त रस्ता मिळाला.

पण हे सरसकट नाही हो. २०२४ मध्ये २१ देशांतल्या कॅमेरा ट्रॅपचा (रानात लावलेले, आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) मोठा अभ्यास आला, १६३ सस्तन जातींचा. माणसांनी आधीच बदललेल्या भागात लोकांची वर्दळ वाढली तर प्राण्यांची हालचाल उलट वाढलेली दिसली, फक्त रात्रीकडे सरकलेली, आणि मूळच्या रानात मात्र कमी झाली, मांसाहारी सगळ्यात जास्त मागे हटले. शहराजवळच्यांनी आपल्याशी जमवून घेतलंय, रानातल्यांनी नाही. म्हणून रातवाताईंचं मुंगूस आणि दाट जंगलातलं एखादं अस्वल यांना एकच नियम लावता येणार नाही.

मी_अमुक :
माफ करा मधेच विचारतो, त्रास आवाजाचा होतो की माणसाचा? रस्ता बंद म्हणजे आवाज पण बंद, गाड्या पण बंद, लोक पण नाहीत. नक्की कशाने फरक पडला कसं कळणार?

अनुनाद :
अमुक, हाच खरा प्रश्न. याच्यासाठी अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये फार सुंदर प्रयोग झालाय. डोंगराच्या एका धारेवर, जिथे रस्ताच नाही, तिथे अर्धा किलोमीटर झाडांवर स्पीकर बांधले आणि नुसता वाहतुकीचा आवाज वाजवला. भुताचा रस्ता म्हणा. चार दिवस चालू, चार दिवस बंद. ना गाडी, ना धूर, ना डांबर, ना माणूस. आवाज चालू असताना पक्ष्यांची संख्या पाव हिश्श्याहून जास्त घटायची. जे राहिले त्यातल्या काही जातींचं वजन भरेना, कारण पिंजऱ्यात तपासलं तर गोंगाटात पक्षी सारखी मान वर करून बघतो, शत्रू ऐकू येत नाही म्हणून डोळ्यांनी पहारा करतो, आणि तेवढे दाणे कमी टिपतो. स्थलांतरात निघालेल्या पक्ष्याला हे परवडणारं नाही.

रातवाताई, ते चार दिवस चालू-बंद बघा. 'इतक्या लवकर?' याचं उत्तर त्यात आहे.

आता माणसाचा भाग. लियाना झानेट यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्यात पाणवठ्यांजवळ स्पीकर लावले आणि सिंहाची गुरगुर, बंदुकीचा बार, कुत्र्याचं भुंकणं आणि माणसांचं साधं, शांत बोलणं असे आवाज ऐकवले. १९ जाती. सिंहापेक्षा माणसाच्या बोलण्याने पळून जायचं प्रमाण दुप्पट. साध्या गप्पा! त्यामुळे डेसिबल मोजून भागत नाही, आवाज कुणाचा आहे तेही बघावं लागतं. सिंहाच्या आवाजावर मात्र एका हत्तीला इतका राग आला की त्याने सगळं यंत्रच तुडवून टाकलं.

सुगरण :
हत्ती :D
पण शांत बोलण्याने पळतात हे वाचून वाईट वाटलं. रानात फिरताना 'मी काही करत नाही' असं मनात म्हणत हळू बोलत असते मी.

कासव :
सगळे जमिनीवरचं बोलताय, जरा पाण्यात या. पाण्यात आवाज हवेपेक्षा साडेचार पट वेगाने जातो आणि फार लांब जातो, प्रकाश मात्र थोड्याच खोलीवर संपतो. म्हणून समुद्रातल्या कितीतरी जिवांचं जग कानांचं आहे. जहाजाच्या पंख्याच्या पात्यांवर बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्याचा खर्ज सतत घुमत असतो, आणि मोठे देवमासे नेमके त्याच खर्जात बोलतात.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात जहाजं जवळजवळ थांबली. तिथे त्याच सुमारास दोन वेगळे गट काम करत होते, एक पाण्यातले आवाज नोंदवत होता आणि रोझलिंड रोलंड यांचा गट राइट व्हेल या देवमाशांची विष्ठा गोळा करत होता. विष्ठा कशी शोधायची तर होडीच्या टोकावर हुंगणारं कुत्रं उभं करायचं, ते मैलभरावरून वास काढतं! विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंश असतात. नंतर दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर गोंगाट ६ डेसिबलने उतरला होता आणि त्याच दिवसांत ताण पण उतरलेला. पुढच्या वर्षांच्या त्याच मोसमात मात्र तसा उतार नाही. लेख यायला २०१२ उजाडलं. कुणी असा प्रयोग ठरवून करूच शकलं नसतं, आणि तो आपोआप घडला त्याचं कारण आठवून गलबलतं.

मला यात सगळ्यात टोचलं ते हे की आपण ज्याला त्या देवमाशांची 'नेहमीची' अवस्था समजत होतो ती मुळात ताणाची अवस्था होती. शांतता आल्यावर ते बदलले असं म्हणण्यापेक्षा, तेवढे दिवस ते स्वतःसारखे होते.

रातवा :
कासव, तुमचा शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. माझ्या दयाळाबद्दल मी हेच उलटं धरून बसले होते, की गोंगाटातलं गाणं खरं आणि आत्ताचं वेगळं.

पाणकणीस :
कासव, भारी. न्यूझीलंडच्या हौराकी आखातात पण २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागल्यावर बघता बघता छोट्या बोटी गायब झाल्या आणि डॉल्फिन आणि मासे यांच्या संवादाचा पल्ला ६५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचा हिशोब निघाला.

निशाचर :
अवांतर: जमीन पण शांत झाली होती. भूकंप मोजणाऱ्या यंत्रांवर माणसाच्या हालचालीची जी सततची थरथर येते ती मार्च ते मे २०२० मध्ये काही ठिकाणी निम्म्यावर आली. गाड्या, कारखाने, आपलं चालणं, सगळ्याची मिळून ती थरथर.

जुनाजाणता :
एक सांगतो, मग गप्प बसतो. चेर्नोबिल. १९८६ च्या अणुभट्टीच्या अपघातानंतर माणूस काढला. किरणोत्सर्ग तिथेच. तरी बेलारूसच्या बाजूला मोजणी केली तर लांडगे जवळपासच्या इतर राखीव जंगलांच्या सात पट, हे २०१५ मध्ये छापून आलं. म्हणजे लांडग्याच्या लेखी आपण किरणोत्सर्गापेक्षा वाईट शेजारी. धागा उघडला तेव्हा मी भावाच्या बाजूने होतो, आता निम्मा तरी ताईंच्या बाजूला आलोय.

खारुताई :
काका, त्याचबरोबर हेही की काही जागी माणूस लागतोच. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर जहाजांबरोबर गेलेले घरउंदीर अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्लं जिवंत कुरतडतात, ते उंदीर संपवायची मोहीम २०२० ची होती ती वर्षभर पुढे ढकलावी लागली. तेवढं वर्ष पिल्लांच्या नशिबी उंदीर. माणूस हटला की सगळं आपोआप बरं होतं असं कुणी वाचून जाऊ नये म्हणून लिहिलं.

मी_अमुक :
मग करायचं काय? सगळं बंद तर ठेवता येणार नाही.

कासव :
बंद कशाला, हळू करता येतं. कॅनडातल्या व्हँकुव्हर बंदराने २०१७ पासून किलर व्हेलच्या वाटेवर जहाजांना वेग कमी ठेवायची विनंती सुरू केली, सक्ती नाही. बहुतेक जहाजं ऐकतात. वेग कमी झाला की ते बुडबुडे कमी आणि गोंगाट लगेच उतरतो. हवेतलं विष किंवा प्लास्टिक उरतं, आवाज उरत नाही, बटण बंद केल्यासारखा जातो. म्हणूनच माझा या विषयावर जीव आहे.

अनुनाद :
रातवाताई, रस्ता उघडायच्या आत रेकॉर्डिंग करा, भावाला उत्तर मिळेल. फोन एकाच जागी ठेवा, वेळ तीच, आणि ॲपमध्ये आवाजाची आपोआप कमीजास्त होणारी पातळी बंद करा, नाहीतर फोन हळू आवाज स्वतःच मोठा करून ठेवतो आणि तुलना फसते. स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) काढलात तर खालची शीळ डोळ्यांना दिसेल.

रातवा :
आठवड्याने येतेय, उशीर झाला. रस्ता सोमवारी सुटला. बंद असतानाच्या शेवटच्या तीन पहाटा आणि सुटल्यानंतरच्या चार पहाटा मिळाल्या, फोन खिडकीच्या त्याच कोपऱ्यात, अनुनाद म्हणाले तसं.

बंद असताना पहिली शीळ ५:२१, ५:१९, ५:२३. सुटल्यावर ४:५२, ४:४९, ४:५१, ४:४७. म्हणजे अर्धा तास आधी. खालची लांब शीळ बंदच्या दिवसांत पहिल्या दहा मिनिटांत वीसेक वेळा येते. उघडल्यावर सोमवारी दोनदा, मंगळवारी एकदा, बुधवारी नाही. भावाला चित्र दाखवलं, खाली ट्रकचा राखाडी पट्टा आणि त्याच्या वर उरलेलं गाणं. तो काही बोलला नाही, फक्त पुन्हा वाजव म्हणाला. मुंगूस दिसलं नाही.

निशाचर :
अर्धा तास आधी! विमानतळाजवळचे पक्षी पण विमानं सुरू व्हायच्या आत गाऊन घेतात असं निघालंय. ढग, चंद्र, विणीचा मोसम यानेही वेळ हलते तेवढं लक्षात असू द्या, सात पहाटा कमीच आहेत.

रातवा :
हो, मान्य. आणि एक राहिलं. गुरुवारी ४:४७ च्या रेकॉर्डिंगमध्ये पहिला ट्रक यायच्या आधीची चार मिनिटं आहेत. त्या चार मिनिटांत खालची शीळ आहे, सात वेळा. ट्रक आला की नाही.

अनुनाद :
ताई, या रविवारी पण रेकॉर्डिंग नक्की करा.

रातवा :
गजर लावलाय. भाऊ पण उठणार आहे.